सर क्रीक सुटली तरी आपले खलाशी सुटतील का?

फोर्टकर | 4 ऑक्टोबर 2025, रात्री 10:40

दसऱ्याला भुजमध्ये संरक्षणमंत्र्यांचं भाषण झालं आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रातोरात सगळे सर क्रीकचे, म्हणजे कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या खाडीचे, जाणकार झाले. कराचीला जाणारा एक रस्ता या खाडीतूनही जातो हे पाकिस्तानने ध्यानात ठेवावं, अशा अर्थाचं राजनाथ सिंह बोलले. झालं, लगेच नकाशे, लाल बाण, रणगाड्यांचे फोटो. (त्या दलदलीत रणगाडा! असो.) मूळ भांडण काय आहे हे मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

गंमत म्हणजे हे भांडण आपल्या मुंबईच्या दप्तरातलं आहे. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. 1908 च्या सुमारास खाडीच्या काठावरच्या जळाऊ लाकडांवरून कच्छच्या राव महाराजांची माणसं आणि सिंधचे अधिकारी यांच्यात जुंपली. एक संस्थान, दुसरा ब्रिटिश मुलूख, मध्यस्थ मुंबई सरकार. 1914 च्या फेब्रुवारीत सरकारने ठराव काढून प्रकरण मिटवलं आणि तिथेच पुढच्या शंभर वर्षांची सोय करून ठेवली. ठरावाचा नववा परिच्छेद आणि सोबतचा नकाशा वाचला तर हद्द खाडीच्या पूर्व काठाने, हिरव्या रेघेने जाते. म्हणजे खाडी सगळी सिंधची. दहावा परिच्छेद म्हणतो की खाडीचं पात्र सरकत असतं, आणि तिथे हद्द धरली आहे ती नावा जातात त्या प्रवाहाच्या मध्याची. पाकिस्तान नववा परिच्छेद धरून बसलाय, आपण दहावा. आपल्या बाजूला 1925 चा नकाशाही आहे, ज्यात हद्दीचे खांब पात्राच्या मध्यावर दाखवलेत. पाकिस्तान म्हणतो, खाडी नौकानयनाच्या लायकीचीच नाही, मग प्रवाहाचा मध्य कसला? आपण म्हणतो, भरतीला येऊन बघा, मच्छीमार बोटी सर्रास जातात.

फाळणीपर्यंत हा एकाच सरकारच्या दोन टेबलांमधला कागद होता. नंतर त्याची आंतरराष्ट्रीय सीमा झाली. 1965 च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ब्रिटिश पंतप्रधान विल्सन मध्ये पडले, लवाद बसला. 1968 च्या निवाड्यात पाकिस्तानने मागितलेल्या रणापैकी साधारण एक दशांश भाग त्यांना मिळाला. सर क्रीक त्या लवादापुढे आलीच नाही, ती राहिली ती राहिलीच.

खाडी सगळी मिळून 96 किलोमीटर. माणूस वस्तीला नाही, खारट चिखल आणि डास. तरीही दोघं सोडत नाहीत, कारण खाडीचं तोंड जिथे धराल तिथून समुद्रातली रेघ सुरू होते. तोंडाशी थोडी सरकवली की दोनशे सागरी मैलांवर शेकडो चौरस किलोमीटर पाणी इकडचं तिकडे. पाण्याखाली तेल-वायू असेल ही आशा दोघांनाही आहेच.

आता माझा मुद्दा. दर चर्चेत एक वाक्य येतंच: "सर क्रीक सुटली की मच्छीमारांचा प्रश्न सुटेल." मला हे पटत नाही. 1 जुलैला दोन्ही देशांनी कैद्यांच्या याद्या दिल्या. पाकिस्तानकडे आपले 193 मच्छीमार, आपल्याकडे त्यांचे 81. हे लोक रेघ अस्पष्ट आहे म्हणून आत गेले असतील, पण ते आत *राहिलेत* ते रेघेमुळे नाही.

शेजारी बघा. श्रीलंकेबरोबर 1974 आणि 1976 मध्ये करार होऊन रेघ आखलेली आहे. तरी एकट्या 2024 मध्ये तमिळनाडूकडचे पाचशेहून जास्त मच्छीमार श्रीलंकेच्या नौदलाने पकडले. बांगलादेशबरोबर 2014 मध्ये हेगच्या लवादाने निकाल दिला. वादातल्या 25,602 चौरस किलोमीटरपैकी 19,467 त्यांना गेले आणि आपण कुरकुर न करता मान्य केलं. तिथेही बोटी पकडल्या जातातच. फरक एवढाच की या दोन्ही ठिकाणी माणसं त्या मानाने लवकर घरी येतात. ढाक्यात सत्तापालट होऊन संबंध पार बिघडलेले असताना जानेवारी 2025 मध्ये 95 भारतीय आणि 90 बांगलादेशी मच्छीमारांची अदलाबदल झाली.

म्हणजे रेघ हा मुद्दाच नाही. कराचीच्या मलीर जेलमधला माणूस दोन्हीकडच्या सरकारांना खिशातलं चिल्लर म्हणून उपयोगी पडतो. सौहार्द दाखवायची वेळ आली की काढायचं, नाही तर खुळखुळत ठेवायचं.

बोला.

---

सडेतोड | 4 ऑक्टोबर, रात्री 11:12

इतिहास छान लिहिलाय, पण शेवटी नेहमीचं "बिचारे मच्छीमार". मुंबईत राहून "कुबेर" विसरलात? 26/11 ला ती दहा जणं पोरबंदरची मच्छीमार बोट पळवूनच आली. तांडेलासकट (बोटीच्या कप्तानासकट) पाच जणांना मारलं आणि बधवार पार्कला उतरली. समुद्रात कोण मच्छीमार आणि कोण काय, हे गणवेशावरून कळत नाही. पाकिस्तानने आपला माणूस संशयाने पकडला तर राग येतो, मग आपण त्यांचे 81 का धरलेत? आपल्यालाही संशय घ्यावाच लागतो. आणि सीमेजवळ जाऊ नका असं तटरक्षक दल बोंबलून सांगत असताना जायचंच कशाला?

---

निळा_ठिपका | 4 ऑक्टोबर, रात्री 11:30

वाचतेय. माझा बाळबोध प्रश्न: समुद्रात रेघ दिसत नाही हे ठीक, पण जीपीएस आता प्रत्येकाच्या खिशात आहे. मग "चुकून" कसे जातात?

---

वेसावकर | 5 ऑक्टोबर, सकाळी 6:50

निळा_ठिपका ताई, काही चुकून जातात, काही जाणूनबुजून. उगाच सोवळं कशाला नेसायचं.

चुकून म्हणजे असं. गिलनेट सोडलं की जाळं आणि बोट दोन्ही पाण्याच्या ओढीबरोबर वाहतात. उधाणाच्या दिवसांत ओढ जबर. रात्री जाळं टाकून खलाशी पडतात, एक जण जागा, तोही दिवसभर ओढून दमलेला. इंजिन बंद पडलं तर विचारूच नका. जीपीएस सांगतं तुम्ही कुठे आहात, बोट ओढून आणत नाही. आणि मैलभर जाळं पाण्यात असताना रेघ आली म्हणून कापून पळणार का? त्या जाळ्याचे पैसे कोण देणार?

जाणूनबुजून म्हणजे, पलीकडे मासळी आहे. सिंधू नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तिवरांचं जंगल आहे, गाळ आहे, पिल्लावळ तिथेच वाढते. आपल्या बाजूला ट्रॉलरने तळ खरवडून काढलाय. घोळ माशाचं एकच उदाहरण देतो. 2021 मध्ये पालघरच्या मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळी एका फेरीत मिळाल्या आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर गेल्या. मासाला भाव नाही, भाव पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला. अशी गोष्ट बंदरात पसरली की प्रत्येक मालकाच्या डोळ्यांपुढे घोळ नाचते.

पण ठरवतो कोण? मालक ओखा-पोरबंदरला घरी बसलेला. बोटीवर तांडेलाचा शब्द चालतो. खलाशाला विचारतं कोण? त्याला उत्तर-दक्षिण कळत असली तरी सुकाणू त्याच्या हातात नसतं. जेलमध्ये मात्र सगळे सारखे.

सडेतोड भाऊ, कुबेर आम्ही विसरू? त्या रात्री डिंगीतून उतरलेल्या पोरांना पहिल्यांदा "कोण रे तुम्ही" म्हणून हटकलं ते मच्छीमार नगरातल्या आमच्याच लोकांनी. त्यानंतर बायोमेट्रिक कार्ड आमची, बोटींना राज्याप्रमाणे रंग आमच्या, समुद्रात थांबवून कागद तपासणार ते आमचे. त्याला ना नाही. पण सीमेवर तीन महिने धरून चौकशी केली, माणूस साधा खलाशी आहे हे कळलं, नंतरची दोन वर्षं कसल्या संशयाची?

---

सडेतोड | 5 ऑक्टोबर, सकाळी 9:05

वेसावकर, शेवटचा प्रश्न बरोबर आहे. उत्तर कराचीला विचारा.

---

कायदेपंडित_नव्हे | 5 ऑक्टोबर, दुपारी 12:20

कराचीला विचारायचंच तर हातात कायदा घेऊन विचारता येईल. 1982 च्या सागरी कायद्याच्या कराराचं कलम 73 वाचा. अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात, परदेशी बोटीने मासेमारीचे नियम मोडले तर किनारी देश बोट अडवू शकतो, दंड करू शकतो. पण वाजवी जामीन भरला की बोट आणि खलाशी लगेच सोडायचे. आणि दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर शिक्षेत *कैद नाही*. स्वच्छ लिहिलंय. भारताने हा करार 1995 मध्ये स्वीकारला, पाकिस्तानने 1997 मध्ये.

मग अटक होते कशी? एक पळवाट अशी की किनाऱ्यापासून 12 मैलांपर्यंतचं पाणी म्हणजे त्या देशाचा प्रदेशच, तिथे हे कलम लागू नाही. खाडीच्या तोंडाशी पकडलेल्यांच्या बाबतीत तसा दावा करता येतो. पण पुष्कळ बोटी त्याहून बऱ्याच बाहेर पकडल्या जातात. तिथे ना ते कलम 73 पाळतात, ना (सडेतोड यांना आवडणार नाही) आपण.

आणखी एक. कलम 74 म्हणतं की सीमा ठरेपर्यंत दोन्ही देशांनी व्यवहारी स्वरूपाच्या तात्पुरत्या व्यवस्था करायच्या आणि अंतिम निकालाला बाध येऊ द्यायचा नाही. म्हणजे खाडी कोणाची हे न ठरवताही मच्छीमारांची सोय करता येते. त्यामुळे फोर्टकरांच्या मूळ मुद्द्याला +1.

---

काळबादेवीकर | 5 ऑक्टोबर, दुपारी 1:02

कलमं पाळायची असती तर आपण हा धागा वाचत बसलो असतो का? सिंधू पाणीवाटप करार 1960 पासून तीन युद्धांत टिकला, तो एप्रिलमध्ये स्थगित झाला. पलीकडून सिमला कराराबद्दल तसंच बोलणं सुरू झालं. आता कलम 73 कोण विचारतो.

---

डहाणू_लोकल | 5 ऑक्टोबर, रात्री 9:15

इथे सगळं कराची, हेग, जिनिव्हा चाललंय म्हणून आमच्याकडचं लिहिते. मी डहाणू-तलासरी पट्ट्यात शाळेत आहे.

इथल्या पाड्यांवरची माणसं पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर जातात. आधी उचल घेतात. त्या पैशात भात लावणीची उधारी फिटते, घराचे पत्रे बदलतात, क्वचित लग्न होतं. तो माणूस मग होळीपर्यंत त्या बोटीचा. तो पकडला गेला तर उचल फिटत नाही, कारण काम झालेलं नाही. मालकाची बोट गेली, तोही रडतोच आहे, पण त्याचा हिशेब वहीत राहतो.

बातमी येते ती सरकारकडून नाही. शेजारच्या बोटीवरचा कोणीतरी फोन करतो: "तुमचा माणूस असलेली बोट त्यांनी नेली." पुढे काय करायचं ते कोणालाच माहीत नसतं. मग सुरू होतं पडताळणीचं प्रकरण. तिकडून नाव येतं ते ऐकून लिहिलेलं. उर्दूतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. वडिलांचं नाव आडनाव होतं, पाड्याचं नाव गाव होतं. पोलीस घरी येऊन विचारतात, हाच का? माझ्या एका विद्यार्थ्याची आई प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, नवऱ्याचं आधार आणि लग्नाच्या फोटोतून कापलेला त्याचा चेहरा घेऊन एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरत होती. फोटोत अर्धा तिचाच खांदा आलेला. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या पासपोर्ट साइज आणा. नवरा कराचीत, फोटो कुठून आणणार?

तिकडची शिक्षा काही महिन्यांचीच असते, बऱ्याचदा ती कधीच संपलेली असते. राहतो तो राष्ट्रीयत्वाच्या कागदासाठी. वेसावकर दादांनी विचारलं ना, दोन वर्षं कसल्या संशयाची? संशय संपलेला असतो. कागद चालत असतो.

आणि 2021 च्या नोव्हेंबरात पालघरच्या वडराईचा एक जण "जलपरी" बोटीवर गोळीबारात गेला. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळ्या झाडल्या. तो बोटीवर पोट भरायला गेला होता एवढंच.

---

निळा_ठिपका | 5 ऑक्टोबर, रात्री 9:40

ताई, फोटोचं वाचून गप्पच झाले.

---

जुना_नाविक | 6 ऑक्टोबर, सकाळी 8:30

मर्चंट नेव्हीत हयात गेली, आता माझगावला घरी बसून व्हीएचएफ (जहाजांचा रेडिओ) ऐकण्याऐवजी तुमचे धागे वाचतो.

दोन्ही देशांत समुद्रावर सहकार्य होतच नाही असा समज दिसतो. होतं, आणि चांगलं होतं. गेल्या वर्षी डिसेंबरची गोष्ट. "अल पिरानपीर" नावाचं गलबत पोरबंदरहून इराणच्या बंदर अब्बासला निघालं आणि द्वारकेच्या पश्चिमेला वादळी पाण्यात बुडालं. जागा होती पाकिस्तानच्या शोध-बचाव हद्दीत. संदेश आला मुंबईच्या सागरी बचाव केंद्रात. इथून पाकिस्तानच्या केंद्राशी बोलणं झालं, त्यांचं विमान शोधायला उडालं, आपलं तटरक्षक जहाज गेलं आणि छोट्या होडीत तरंगणारे बाराही जण जिवंत मिळाले. कोणी पासपोर्ट विचारत बसलं नाही. दोन्ही तटरक्षक दलांत 2005 पासून सामंजस्य करार आहे, हॉटलाइन आहे. वापरायची ठरवली की ती वाजते.

उलटं उदाहरणही याच पाण्यावरचं. कारगिल संपून महिनाही झाला नव्हता, 10 ऑगस्ट 1999. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान सर क्रीकजवळ आलं, आपल्या मिग-21 ने पाडलं, 16 जण गेले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. पुढच्या वर्षी न्यायालयाने सांगितलं, हा खटला आमच्या अधिकारात येत नाही. त्या चिखलाच्या पट्टीवरून माणसं मरतात ती अशी.

आणि तरुण मंडळींना सांगतो, खाडी सुटायच्या अगदी जवळ आली होती. 2007 च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या पथकांनी मिळून खाडीची मोजणी केली. एकत्र! नकाशांची देवाणघेवाण झाली. त्या काळात हा सर्वांत सोपा प्रश्न मानला जायचा. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात काय झालं ते मुंबईला सांगायला नको. नंतर 2011 आणि 2012 मध्ये बैठका झाल्या, आणि मग विषयच थंडावला.

---

फोर्टकर | 6 ऑक्टोबर, रात्री 10:05

नाविक काका, 2007 बद्दल लिहिलंत ते बरं झालं. त्याला जोडून: आपला एक प्रस्ताव असा होता की खाडी बाजूला ठेवा, समुद्राच्या बाजूने रेघ आखत किनाऱ्याकडे या. दोनशे मैलांवरून सुरुवात करा, वादाचा तुकडा जिथे लागतो तिथे थांबा. तेवढ्याने निदान खोल समुद्रातल्या बोटींना आपण कुठे आहोत ते ठामपणे कळलं असतं. पाकिस्तानने नाही म्हटलं, आधी खाडी. त्यांना तिसरा पक्षही हवा, लवाद हवा. आपण सिमल्याचा हवाला देऊन म्हणतो, दोघांतच बोलू. (1968 च्या लवादाचा अनुभव दिल्लीत कोणी विसरलेलं नाही. निकाल पाळला, पण पुन्हा त्या वाटेला जायचं नाही असंच ठरलेलं दिसतं.)

काळबादेवीकर, करार मोडतात हे खरं, पण सगळे नाही. मे 2008 मध्ये कैद्यांबाबत करार झाला, त्यानुसार दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला याद्या दिल्या जातात. त्याच 1 जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्याही दिल्या जातात, त्या तर 1992 पासून. कारगिल झालं, संसद झाली, 26/11 झालं, बालाकोट झालं, या वर्षी मेमध्ये चार दिवस क्षेपणास्त्रं उडाली, आणि 1 जुलैला यादी आली. दोघंही ठरवून काही गोष्टी भांडणाबाहेर ठेवतात. माझा आग्रह इतकाच की खलाशांना त्या बाहेरच्या कप्प्यात टाका.

आणि हे अशक्य नाही. पहलगामनंतर दुसऱ्याच दिवशी आपला एक बीएसएफ जवान पंजाबात चुकून पलीकडे गेला आणि पकडला गेला. मधे सिंदूर झालं. 14 मे रोजी तो अटारीवरून परत आला, त्याच दिवशी आपण त्यांचा रेंजर दिला. युद्धाच्या तोंडावर, तीन आठवड्यांत! गणवेशातला माणूस तीन आठवड्यांत येतो आणि लंगोट लावून जाळं ओढणारा वर्षानुवर्षं कागदाची वाट बघतो.

---

सडेतोड | 6 ऑक्टोबर, रात्री 10:50

जवानाची आणि खलाशाची तुलना मला मान्य नाही. जवान परत आला कारण दोन्ही सैन्यांना एकमेकांची माणसं हवी होती. सैन्याची ती रीत आहे.

मुद्दा मांडतो. आत्ता पहलगामच्या 26 जणांना सहा महिनेही झालेले नाहीत. दिल्लीतलं कुठलं सरकार "मच्छीमारांसाठी चर्चा" म्हणत टेबलावर बसेल? आणि बसलं तर पाकिस्तान त्याचा फोटो काढून जगाला दाखवेल की बघा, चर्चा सुरू झाली. तुमची मागणी रास्त असली तरी वेळ चुकीची आहे. अटारी बंद आहे, दूतावासातली माणसं तीसवर आणलीत. पडताळणीला भेटायला जाणार कोण?

---

कायदेपंडित_नव्हे | 6 ऑक्टोबर, रात्री 11:15

सडेतोड, म्हणूनच मंत्र्यांनी टेबलावर बसायची गरज नसलेली व्यवस्था हवी. ती होतीही. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची कैद्यांसाठीची न्यायिक समिती. ते एकमेकांच्या जेलमध्ये जाऊन माणसांना भेटायचे, आजारी कोण, शिक्षा संपलेले कोण, याच्या शिफारशी करायचे. 2013 नंतर ती भेटलेलीच नाही. तिला ना ध्वज लागतो ना हस्तांदोलनाचा फोटो.

शिवाय सरकारचेच आकडे बघा: 2014 पासून 2,661 मच्छीमार पाकिस्तानातून परत आलेत. म्हणजे सुटका होते. पण कधी आणि कोणाची, याला नियम नाही. तोच नियम मागतोय आम्ही: शिक्षा संपली की अमुक दिवसांत घरी.

---

वेसावकर | 7 ऑक्टोबर, सकाळी 7:10

माणसांबद्दल सगळे बोलले, बोटीबद्दल कोणीच नाही. माणूस उशिरा का होईना येतो, बोट येत नाही. गुजरातच्या बोटमालकांचे लोक सांगतात की हजाराच्या वर बोटी तिकडे पडून आहेत. लाकूड दोन पावसाळ्यांत कुजतं, इंजिन गंजतं. सोडली तरी आणायला गेलेल्याने बोटीवर झाड उगवलेलं बघावं. एका बोटीचं आज निदान अर्धा कोटी धरा, कर्ज बँकेचं, जामीन भावाचा.

आणि आपल्याकडे धरलेल्या पाकिस्तान्यांचंही तेच. कराचीच्या इब्राहिम हैदरीत, ठठ्ठ्यात त्यांचेही कोळीवाडे आहेत, त्यांचेही मालक-खलाशी, उचल, सगळं जसंच्या तसं. तिकडचा खलाशी कच्छच्या जेलात, इकडचा मलीरला. सुटले की वाघ्याला रेषेवर एकमेकांच्या समोरून जात असतील.

आता सरकार बोटींना इस्रोचे ट्रान्सपाँडर बसवतंय, लाखभर बोटींना. रेघेजवळ गेलं की वाजतं म्हणे. चांगलंय. फक्त ते वाजल्यावर तांडेलाने ऐकलं पाहिजे, आणि मालकाने त्याला रिकाम्या खणाबद्दल शिव्या दिल्या नाही पाहिजेत.

---

काळबादेवीकर | 7 ऑक्टोबर, सकाळी 9:30

अवांतर: कच्चतीवूवर कोणी बोलणार आहे का? 285 एकरांचं बेट श्रीलंकेला देऊन टाकलं...

---

फोर्टकर | 7 ऑक्टोबर, सकाळी 9:48

वेगळा धागा काढा, येतोच. एवढंच सांगतो, बेट उद्या परत मिळालं तरी पाल्कच्या सामुद्रधुनीतलं भांडण तसंच राहील. तिथलं भांडण ट्रॉलरचं आहे. आपल्या बाजूच्या बोटी तळ खरवडतात, जाफन्याचे तमिळ मच्छीमार ओरडतात, श्रीलंकेने 2017 मध्ये तशा मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. तमिळ विरुद्ध तमिळ, म्हणून आपल्या चॅनेलांना रस नाही.

---

सडेतोड | 7 ऑक्टोबर, दुपारी 2:20

न्यायिक समितीचं माहीत नव्हतं. तेवढं चालू करायला माझी हरकत नाही. तुम्ही मात्र तिकडच्या सागरी सुरक्षा दलाच्या गोळ्यांबद्दल एवढेच तिखट राहा. वडराईच्या माणसाला कोणी कलम 73 वाचून दाखवलं नव्हतं.

---

डहाणू_लोकल | 7 ऑक्टोबर, रात्री 8:55

सडेतोड, त्याच्याबद्दल आमच्याकडे कोणी मवाळ नाही.

एक कामाचं विचारते. आमच्या पाड्यातल्या एका घरचा माणूस अजून तिकडे आहे. घरच्यांनी कुठल्या कागदांसह, कुणाकडे जायचं? दरवेळी वेगळं ऑफिस सांगतात.

---

कायदेपंडित_नव्हे | 7 ऑक्टोबर, रात्री 9:30

परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" नावाचं पोर्टल आहे, परदेशात अडकलेल्या भारतीयांसाठी. तिथे घरच्यांच्या नावाने तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक मिळतो, म्हणजे पुढे विचारायला धागा राहतो. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयापर्यंत ती त्याच वाटेने जाते. सोबत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज, पोच घेऊन. अर्जात नाव ज्या ज्या प्रकारे लिहिलं गेलं असेल ते सगळे प्रकार लिहा, वडिलांचं नाव वेगळं, पाडा वेगळा, गाव वेगळं.

---

वेसावकर | 7 ऑक्टोबर, रात्री 9:52

आणि ताई, बोटीचा नोंदणी क्रमांक मिळवा. गुजरातची असेल तर "आयएनडी-जीजे"ने सुरू होतो. एकाच बोटीवरचे सगळे एकत्र धरले जातात, त्यामुळे माणसाचं नाव चुकलं तरी बोटीवरून सापडतो. मालक फोन उचलत नसेल तर मला गाव आणि मालकाचं आडनाव व्यक्तिगत निरोपात पाठवा. ओख्याला आणि वेरावळला माझी ओळख आहे, कोणीतरी बंदरावर जाऊन विचारेल.

---

डहाणू_लोकल | 7 ऑक्टोबर, रात्री 10:03

निरोप पाठवलाय. बोट मांगरोळची होती असं त्याचा भाऊ म्हणतो, क्रमांक त्यालाही माहीत नाही.